अदर्शन आणि अभाव : नव्या सॉफ्टवेअरच्या परीक्षेत हार्ड डिस्कचे रक्षण

१. विषयाचे प्रयोजन

वर्धा जिल्ह्यातील कोलामी बोलीचे भाषाशास्त्रीय वर्णन मरे एमेनो यांनी केले व त्यांचा ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. तत्पूर्वी ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणातील १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडी व नागपुरी यांचा, आणि १९०६ च्या चौथ्या खंडात कोलामीचा परामर्श घेण्यात आला होता. हे सर्व साहित्य छापील आहे. एका ग्रंथालयातील प्रतीला वाळवी लागली, तरी दुसऱ्या ग्रंथालयातील प्रत शाबूत राहते. आणि एका प्रतीची वाळवी दुसऱ्या प्रतीकडे एका क्षणात जात नाही. आज बोलीभाषांचा अभ्यास करणारा विद्यार्थी जे साहित्य जमवितो त्याची स्थिती निराळी आहे. निवेदकांची ध्वनिमुद्रणे, त्यांची लिप्यंतरे, शब्दसूची, टिपा हे सर्व संगणकाच्या हार्ड डिस्कवर असते. आणि त्याच संगणकावर आपण ध्वनिविश्लेषणाची, लिप्यंतराची, फाँट-परिवर्तनाची नवनवी सॉफ्टवेअर बसवून पाहत असतो. ज्या टेबलावर मूळ हस्तलिखित पसरले आहे त्याच टेबलावर शाईच्या नव्या दौती उघडून पाहाव्यात, तसा हा प्रकार आहे.

या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष गेले ते स्वतःच्या चुकीमुळे, हे आरंभीच सांगणे इष्ट होय. जुन्या पद्धतीच्या देवनागरी फाँटांत अक्षरांना युनिकोडप्रमाणे स्वतंत्र संकेतांक नसत. ती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. अशा फाँटांतील काही टिपा युनिकोडमध्ये आणण्यासाठी एक छोटे परिवर्तक सॉफ्टवेअर हाती आले, आणि ते नीट चालते किंवा कसे हे पाहण्यासाठी लेखकाने ते नेहमीच्या संगणकावर चालविले. परिवर्तन एका फोल्डरापुरते करावयाचे होते. पण सॉफ्टवेअरमधील मूळची निवड 'सर्व ड्राइव्ह' अशी होती व ती बदलावयाची राहून गेली. संगणकाला जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरील मजकुराच्या फायली त्याने एकामागून एक उघडल्या, बदलल्या आणि त्याच नावाने पुन्हा लिहिल्या. कोलामीची लिप्यंतरे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत होती. त्यांतील रोमन अक्षरे जुन्या फाँटाचे संकेत समजून सॉफ्टवेअरने त्यांची निरर्थक देवनागरी करून टाकली. अनेक संकेतांना एकच अक्षर योजिलेले असल्यामुळे उलट परिवर्तनाने मूळ पाठ परत मिळेना. दुसरी प्रत होती. पण ती त्याच संगणकातील दुसऱ्या डिस्कवर होती, आणि काही मिनिटांत तिचीही तीच गत झाली. ध्वनिमुद्रणे शाबूत राहिली. परंतु लिप्यंतरासोबतच्या टिपांत एका वृद्ध निवेदिकेने शब्दाशब्दाला दिलेली स्पष्टीकरणे होती, आणि त्या तोवर निवर्तल्या होत्या. काही शब्दांचे अर्थ आता ध्वनिमुद्रणावरून केवळ तर्काने लावावे लागतात.

येथे दोष कोणत्याही दुष्ट हेतूचा नव्हता. सॉफ्टवेअरने सांगितले तेच केले. जे त्याच्या आवाक्यात असावयास नको होते ते आवाक्यात ठेवले गेले, एवढेच. म्हणून प्रश्न असा उभा राहतो, की नवे सॉफ्टवेअर तपासताना ज्या डिस्कशी त्याचे काही काम नाही ती त्याच्यापासून, आणि ज्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आश्रयाने ते चालते तिच्यापासून, दूर कशी ठेवावी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. 'प्रणाली' हा शब्द यापुढे सर्वत्र ऑपरेटिंग सिस्टीम या अर्थाने योजिला आहे.

२. डिस्क 'दिसते' म्हणजे काय?

डिस्क लपविण्याच्या पद्धतींची चर्चा करण्यापूर्वी डिस्क प्रणालीला दिसते म्हणजे नेमके काय घडते, हे पाहिले पाहिजे. ही क्रिया एकच नसून तिला पाच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी विजेची व तारेची. डिस्कला वीज मिळावी लागते आणि मदरबोर्डाशी तिचा संबंध जोडलेला असावा लागतो. दुसरी पायरी फर्मवेअरची. संगणक सुरू होताच बायोस अथवा त्याची आजची आवृत्ती जी यूईएफआय, ती मदरबोर्डावरील कोणती द्वारे खुली आहेत हे ठरविते. तिसऱ्या पायरीवर प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, खुल्या द्वारांवर कोण आहे याची स्वतः विचारपूस करतो आणि मिळालेल्या डिस्कला एक अंतर्गत नाव देतो. चौथ्या पायरीवर त्या डिस्कवरील विभागांचा तक्ता वाचला जातो व प्रत्येक विभागात कोणत्या प्रकारची फाइल-व्यवस्था आहे हे ओळखले जाते. पाचव्या पायरीवर त्या विभागाला वापरकर्त्याच्या जगात स्थान मिळते : विंडोजमध्ये सी, डी, ई असे अक्षर, आणि लिनक्समध्ये निर्देशिकांच्या वृक्षातील एखादी शाखा. या शेवटच्या क्रियेस 'माउंट करणे' म्हणतात.

आपण सामान्यतः डिस्क 'दिसते' असे म्हणतो ते पाचव्या पायरीला उद्देशून. परंतु सॉफ्टवेअरला पाचव्या पायरीवरच थांबण्याचे बंधन नाही. पुरेसे अधिकार मिळाले, तर ते तिसऱ्या पायरीवरील अंतर्गत नावाने डिस्कशी थेट बोलू शकते. म्हणून कोणतीही पद्धत विचारात घेताना दोन प्रश्न विचारावेत : हा लोप कोणत्या पायरीवर केला आहे? आणि तो मागे घेण्याचा अधिकार कोणाला आहे?

३. अदर्शनाच्या पद्धती

पाणिनीने लोपाची व्याख्या करताना नाश किंवा अभाव हे शब्द न योजता 'अदर्शन' हा शब्द योजिला आहे, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्यांस विदित आहेच. प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याच्या निमित्ताने होणारे कार्य होऊ शकते, असेही त्याने पुढे सांगितले आहे. प्रस्तुत विषयात हा भेद फार उपयोगी पडतो. डिस्क लपविण्याच्या बहुतेक सुलभ पद्धती अदर्शनाच्या आहेत. त्यांत डिस्क असते, कार्यक्षम असते, केवळ दिसत नाही.

यांतील सर्वांत दुबळी पद्धत म्हणजे विंडोजमधील धोरण-व्यवस्थेतून एखाद्या ड्राइव्हचे चिन्ह खिडकीतून काढून टाकणे. चिन्ह जाते, पण पत्ता टंकलिखित केला असता ड्राइव्ह उघडतो. नवख्या वापरकर्त्याचा हात चुकून तेथे जाऊ नये एवढ्यापुरताच तिचा उपयोग.

दुसरी पद्धत ड्राइव्हचे अक्षर काढून घेणे. 'डिस्क मॅनेजमेंट' या खिडकीतून हे करता येते व संगणक पुन्हा सुरू केल्यावरही ते टिकते. वर सांगितलेल्या परिवर्तकासारखे, अक्षरांच्या क्रमाने ड्राइव्ह धुंडाळणारे सॉफ्टवेअर अशा विभागापर्यंत पोहोचत नाही. परंतु विभागाला अक्षराखेरीज एक लांबलचक स्थायी ओळखनामही असते. त्या नावाने तो तसाच उपलब्ध राहतो. हा लोप पाचव्या पायरीचा आहे, चौथीचा नव्हे.

तिसरी पद्धत संपूर्ण डिस्क 'ऑफलाइन' करणे. विंडोजमधील डिस्कपार्ट या साधनाने अथवा उपर्युक्त खिडकीतूनच ते होते. यात डिस्कवरील कोणताच विभाग प्रणाली वापरीत नाही, आणि ही स्थितीही टिकाऊ असते. 'डिव्हाइस मॅनेजर'मधून डिस्क निष्क्रिय करणे हाही याच जातीचा उपाय. लिनक्समध्ये फाँट, लिपी वा ध्वनी यांची साधने तपासणाऱ्यास याला समांतर मार्ग आहेत : डिस्क आपोआप माउंट होऊ न देणे, यूडेव्ह नामक व्यवस्थेत नियम लिहून ती डेस्कटॉपवर न दाखविणे, चालू असलेल्या कर्नलला ती डिस्क विसरावयास सांगणे, किंवा संगणक सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनेने ते द्वारच वगळणे.

या सर्व पद्धतींची मर्यादा एकच आहे. ज्या प्रणालीने लोप केला त्याच प्रणालीला तो मागे घेता येतो. प्रशासकाचे अधिकार मिळालेले सॉफ्टवेअर ऑफलाइन डिस्क पुन्हा ऑनलाइन करू शकते. लिनक्समध्ये मूळ वापरकर्त्याचे अधिकार मिळाले की विसरलेले द्वार पुन्हा तपासता येते. आणि नवे सॉफ्टवेअर बसविताना प्रशासकाची अनुमती तर आपण स्वतःच बटण दाबून देत असतो. तात्पर्य, अदर्शनाच्या पद्धती चुकांपासून रक्षण करतात, हेतुपुरस्सर घातापासून करीत नाहीत.

तथापि चुकांपासूनचे रक्षणही कमी मोलाचे नाही. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील स्टीम या खेळांच्या सॉफ्टवेअरमधील एक दोष उजेडात आला. आपले फोल्डर कोठे आहे हे शोधून ते नाव एका चलात ठेवावयाचे, आणि पुढे गरज पडल्यास त्या नावाखालील सर्व काही पुसावयाचे, अशी त्यातील आज्ञांची रचना होती. फोल्डर जागेवरून हलविले गेल्यास शोध फसे व चल रिकामे राही. मग 'अमुक फोल्डराखालील सर्व पुसा' ही आज्ञा 'मुळाखालील सर्व पुसा' अशी होऊन बसे. एका वापरकर्त्याच्या स्वतःच्या फायली तर गेल्याच, शिवाय संगणकाला जोडलेल्या बाह्य डिस्कवरील राखीव प्रतीही गेल्या. कारण ती डिस्क त्या वेळी माउंट केलेली होती. एका रिक्त पदाने वाक्याचा अर्थ किती बदलतो हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. ती बाह्य डिस्क केवळ माउंट नसती, तरी हा विशिष्ट अनर्थ टळला असता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या, अन्यत्र वळविलेल्या फोल्डरांच्या मूळ जागेतील फायली पुसल्या, आणि मायक्रोसॉफ्टला तिचे वितरण काही काळ थांबवावे लागले. यावरून असे दिसून येईल की प्रतिष्ठित निर्मात्याचे नाव ही पुरेशी हमी नव्हे.

४. वाचता न येणे, लिहिता न येणे

येथे एक शंका उद्भवते. डिस्क लपविण्याऐवजी ती सांकेतिक लिपीत बदलून ठेवली, अर्थात एन्क्रिप्ट केली, तर पुरे होणार नाही काय? याचे उत्तर नकारार्थी आहे. एन्क्रिप्शनाने परक्यास मजकूर वाचता येत नाही. पण न वाचता पुसता येतो. कुलूपबंद पेटीतील कागद न उघडताही पेटीसकट जाळता येतात. निवेदकांची खाजगी माहिती सांभाळण्यासाठी एन्क्रिप्शन अवश्य करावे, परंतु त्यास परीक्षाकालीन संरक्षण समजू नये. किंबहुना, ज्या डिस्कची भाषा प्रणालीला कळत नाही तिला धोका अधिक संभवतो. लिनक्सच्या पद्धतीने तयार केलेला विभाग विंडोजला जोडला, तर 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' अशी पृच्छा समोर येते. आणि घाईत होकार दिला जातो.

दुसरा पर्याय डिस्क केवळ वाचनासाठी जोडण्याचा. कॅसेटच्या काळात मुद्रण संपल्यावर कॅसेटच्या मागील बाजूचे प्लॅस्टिकचे चिमुकले तुकडे मोडून टाकीत असत, हे ज्येष्ठ सहकाऱ्यांस आठवत असेल. तुकडा मोडला की यंत्रातील तरफ अडे व त्या कॅसेटवर पुन्हा मुद्रण करता येत नसे. आजच्या ध्वनिमुद्रण यंत्रांतील एसडी कार्डाच्या कडेला असलेली सरकपट्टी त्यासारखीच दिसते, पण तिचे कार्य वेगळे आहे. ती कार्डाला काहीच कळवीत नाही. कार्ड ज्या खाचेत घालावयाचे त्या खाचेला केवळ सूचना देते, आणि ती पाळणे न पाळणे हे वाचणाऱ्या यंत्रावर अवलंबून असते. डिस्कवरील 'केवळ वाचनासाठी' ही खूणही बहुधा प्रणालीने पाळावयाची सूचनाच असते. आणखी एक बारकावा असा, की लिनक्समधील एक्स्ट-४ या फाइल-व्यवस्थेचा विभाग केवळ वाचनासाठी माउंट केला, तरी मागच्या खेपेस तो नीट बंद झाला नसल्यास राहिलेली नोंद पूर्ण करण्यासाठी त्यावर लिहिले जाऊ शकते. न्यायवैद्यक तपासात याचसाठी संगणक व डिस्क यांच्यामध्ये लेखनरोधक यंत्र बसवितात. ते लिहिण्याची आज्ञा पुढे जाऊच देत नाही.

तिसरा पर्याय डिस्कच्या स्वतःच्या संकेतशब्दाचा आहे. पुष्कळ डिस्कांना असा संकेतशब्द देता येतो, आणि वीज मिळाल्यावर तो सांगितल्यावाचून डिस्क वाचण्याची वा लिहिण्याची आज्ञा स्वीकारीत नाही. येथे नकार डिस्क देते, प्रणाली नव्हे. म्हणून हा उपाय वरील उपायांहून बळकट होय. परंतु संकेतशब्द विसरल्यास संग्रहास आपणच मुकण्याचा संभव असतो. अनेकांच्या हाताखालील विभागीय संग्रहासाठी तो सुचविणे धाडसाचे वाटते.

५. अभावाच्या पद्धती

आता ज्या पद्धतींत डिस्क प्रणालीपुरती खरोखरच नसते त्यांकडे वळू.

पहिली पद्धत फर्मवेअरमधून साटा द्वार बंद करण्याची. संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबून बायोस वा यूईएफआयची खिडकी उघडावी, आणि ज्या द्वाराला संग्रहाची डिस्क जोडली आहे ते निष्क्रिय करावे. पुष्कळ मदरबोर्डांत अशी सोय असते. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. जुन्या आयडीई पद्धतीच्या संगणकांत डिस्कच्या प्रकारापुढे 'नाही' असे नोंदविले, तरी डिस्क लपत नसे. लिनक्स आणि विंडोज एनटीच्या वंशातील प्रणाली बायोसच्या नोंदीवर विसंबून न राहता नियंत्रकाला स्वतः विचारीत. म्हणून यादीतून नाव काढणे आणि द्वार बंद करणे यांत भेद करावा. दुसरी गोष्ट व्यवहारातील आहे. ही नोंद मदरबोर्डावरील एका लहान बॅटरीच्या आधारे टिकते असे अनेक यंत्रांत असते. बॅटरी संपली व वीज गेली की सर्व नोंदी मूळपदावर येतात, आणि बंद केलेले द्वार पुन्हा उघडे होते. जुन्या संगणकांवर काम चालणाऱ्या विभागात ही शक्यता केवळ तात्त्विक नव्हे.

दुसरी पद्धत सर्वांत साधी आणि सर्वांत खात्रीची : संगणक बंद करून डिस्कची तार काढणे. ज्या डिस्कला वीज नाही आणि मार्ग नाही तिच्यावर कोणत्याही अधिकाराने लिहिता येत नाही. तथापि पेटीच्या आतील साटा जोडणी सुमारे ५० वेळा काढण्या-घालण्याइतपतच टिकावी अशा बेताने ठरविलेली आहे. दर आठवड्यास तार काढणाऱ्याची ती वर्षभरात सैल होऊ लागेल. यासाठी सरकत्या कप्प्याची चौकट बसविणे उत्तम. तिच्यातील जोडणी सुमारे ५०० वेळांच्या वापरासाठी असते. कप्पा ओढला की डिस्क बाहेर येते व ती कपाटात कुलपात ठेवता येते. प्रत्येक डिस्कच्या विजेला स्वतंत्र बटण असलेल्या पट्ट्याही मिळतात. बटण चालू संगणकात दाबू नये; संगणक बंद करून मग दाबावे.

नव्या संगणकांत मदरबोर्डावर स्क्रूने बसविलेल्या एम-डॉट-टू प्रकारच्या चकत्या असतात. त्या वारंवार काढणे सोयीचे नाही. तेथे नियम उलटा करावा : आतील चकतीवर प्रणाली व चालू काम एवढेच ठेवावे, आणि संग्रह बाह्य डिस्कवर न्यावा. बाह्य डिस्कची तार काढणे कोणासही जमते. अडचण असते ती तार काढण्याची आठवण राहण्याची.

६. प्रणालीलाच बंदिस्त करणे

आतापर्यंत डिस्क प्रणालीपासून दूर नेण्याचा विचार केला. याच्या उलट, परीक्षेपुरती एक निराळी प्रणाली उभी करून तिलाच एका कोठडीत ठेवता येते. आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, ते हेच. आपल्या संगणकावरील एक मोठी फाइल हीच त्या आतील प्रणालीची संपूर्ण हार्ड डिस्क असते. तिच्या दृष्टीने दुसऱ्या डिस्का अस्तित्वातच नसतात. परीक्षेपूर्वी त्या स्थितीचे 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवले, की परीक्षेनंतर क्षणात पूर्वस्थितीवर परतता येते. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून व्यावसायिक व शैक्षणिक संचांत 'विंडोज सँडबॉक्स' नावाची अशीच तात्पुरती कोठडी उपलब्ध झाली. ती बंद करताच तिच्यातील सर्व काही नाहीसे होते. वर वर्णिलेला परिवर्तक अशा कोठडीत चालविला असता, तर निरर्थक देवनागरी झाली असती ती पाच-सहा नमुन्यांची.

परंतु कोठडीला आपणच खिडक्या पाडीत असतो. आतील व बाहेरील प्रणालींत फोल्डर सामायिक केले, तर आतील सॉफ्टवेअरचा हात त्या फोल्डरापर्यंत पोहोचतो. खरी डिस्क अथवा यूएसबी साधन आतल्या यंत्रास सोपविण्याची सोय असते. ती वापरली की कोठडीचा अर्थच राहत नाही. कोठडीच्या भिंतीतही क्वचित भेग सापडते. २०१५ मध्ये 'व्हेनम' या नावाने प्रसिद्ध झालेला दोष आभासी यंत्रातील फ्लॉपी नियंत्रकात होता. फ्लॉपी कोणी वापरीत नसतानाही तो भाग आत शिल्लक राहिला होता, आणि त्यातून बाहेरच्या यंत्रापर्यंत पोहोचण्याची वाट निघू शकत होती. दर्शन नसले तरी कार्य राहते, याचे हे आणखी एक उदाहरण होय.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून परीक्षा घेण्याची प्रथाही विद्यार्थ्यांत आढळते. तीत आतील प्रणाली झोपलेली असते हे खरे. पण आतील डिस्का या पाहुण्या प्रणालीला स्वच्छ दिसतात, आणि एका टिचकीने माउंट होतात. म्हणून ही पद्धत तार काढण्याच्या किंवा द्वार बंद करण्याच्या जोडीनेच वापरावी.

७. जाळ्याचा मार्ग

डिस्कची तार काढली, आणि तिच्यातील संग्रह मेघसंचयाशी, म्हणजे क्लाउडशी, जुळवून घेणारे फोल्डर मात्र चालू राहिले, तर काय होईल? परीक्षेतील सॉफ्टवेअरने त्या फोल्डरातील फायली बदलल्या, की तो बदल इमानेइतबारे सर्वत्र पोहोचविला जाईल. जुळणी म्हणजे राखीव प्रत नव्हे. डिस्क लपविताना तारेइतकाच जाळ्याचा विचार केला पाहिजे.

याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले होते. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हे घातक सॉफ्टवेअर पसरले. त्याचा प्रवेश युक्रेनमधील एका प्रचलित हिशेब-सॉफ्टवेअरच्या नित्याच्या अद्ययावतीकरणातून झाला. म्हणजे ज्यांनी ते स्वीकारले त्यांनी विश्वासातील वस्तूच स्वीकारली होती. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे त्यात सापडले, आणि तिच्याशी संबंधित कंपनीकडे असलेल्या, नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभारावे लागल्याचे जाहीरपणे सांगितले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा भाग पुढेच आहे. वापरकर्त्यांची ओळख व अधिकार यांची नोंद ठेवणारे सर्व्हर कंपनीने जगभर अनेक ठिकाणी ठेवले होते, आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असत. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. सगळे एकदम जातील असा विचार झालेला नव्हता. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार घानातील एका कार्यालयातला असा एकच सर्व्हर वाचला. कारण हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती व ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. त्यावरूनच पुढील उभारणी झाली. प्रतींची संख्या मोठी होती, पण त्या सर्व एकाच हाताच्या आवाक्यात होत्या. वाचली ती प्रत त्या क्षणी 'नसलेली' होती. लेखकाच्या टेबलावरील दोन डिस्कांची कथा लहान प्रमाणावर हीच आहे.

८. विभागासाठी सुचविलेली कार्यपद्धती

या विवेचनावरून पुढील क्रम व्यवहारात आणण्यासारखा वाटतो.

नवे सॉफ्टवेअर प्रथम आभासी यंत्रात चालवावे. सामायिक फोल्डर ठेवू नये, आणि आवश्यक नसल्यास जाळ्याचा संबंधही ठेवू नये. परीक्षेसाठी संग्रहातील चार-दोन फायलींच्या प्रती आत न्याव्यात, मूळ फायली कधीही नेऊ नयेत. सॉफ्टवेअर आभासी यंत्रात नीट चालत नसेल, उदाहरणार्थ ध्वनियंत्राशी थेट संबंध लागत असेल, तर खऱ्या संगणकावर परीक्षा घ्यावी. पण त्यापूर्वी संग्रहाच्या डिस्कची तार वा कप्पा काढावा. हे शक्य नसल्यास फर्मवेअरमधून द्वार बंद करावे. तेही शक्य नसल्यास डिस्क ऑफलाइन करावी. मात्र ती तडजोड आहे हे जाणून करावी, आणि परिचित, विश्वासार्ह निर्मात्याच्या सॉफ्टवेअरपुरतीच करावी.

डिस्क दूर केल्यावर ती खरोखर दूर झाली किंवा कसे हे परीक्षेपूर्वी पाहावे. ड्राइव्हांची खिडकी पाहणे पुरेसे नाही. विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' व लिनक्समध्ये डिस्कांची मूळ यादी पाहावी, म्हणजे तिसऱ्या पायरीवरची स्थिती कळते. चुकीची तार काढली गेल्याचा प्रकार असंभाव्य नाही. म्हणून प्रत्येक डिस्कवर चिठ्ठी चिकटवून तिचा क्रमांक वहीत नोंदवावा.

संग्रहातील प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ या पद्धतीचा संख्यात्मक ठसा आधी काढून त्याची यादी छापून ठेवावी. विंडोज व लिनक्स दोन्हींत यासाठी आज्ञा उपलब्ध आहेत. फाइलीतील एक अक्षर जरी बदलले तरी हा ठसा पूर्णपणे निराळा येतो. डिस्क पुन्हा जोडल्यावर ठसे ताडून पाहिले, की संग्रह जसाच्या तसा आहे किंवा नाही हे अनुमानावर सोडावे लागत नाही. ज्या प्रणालीवर परीक्षा झाली तिलाच ती डिस्क लगेच जोडू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. काही सॉफ्टवेअरचे दुष्परिणाम ठरावीक तारखेस वा पुढील वेळी संगणक सुरू होताना प्रकट होतात. सीआयएच नावाचा विषाणू अनेक संगणकांत मुकाट्याने राहून २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला, आणि त्याने डिस्कांचा आरंभीचा भाग व बायोसही पुसले. म्हणून आधी प्रणाली पूर्वस्थितीवर आणावी, मग डिस्क जोडावी.

शेवटी, या सर्व उपायांनी राखीव प्रतीची गरज संपत नाही. डिस्क लपविल्याने ती पडावयाची, झिजावयाची किंवा चोरीस जावयाची राहत नाही. किमान एक प्रत दुसऱ्या इमारतीत, कोणत्याही संगणकाला न जोडलेली अशी असावी, आणि ठरावीक काळाने ती उघडून, ठसे ताडून, पुन्हा बंद करून ठेवावी.

विभागातील संग्रहाची डिस्क आता सरकत्या कप्प्यात असते आणि परीक्षेच्या दिवशी ती कपाटात जाते. कपाटाची किल्ली घेताना व ठेवताना वहीत सही करावी लागते. काही विद्यार्थ्यांना हा सोपस्कार जाचक वाटतो. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर चिकटविलेली, अर्थ न लागणाऱ्या कोलामी शब्दांची यादी एकवार पाहावी, एवढीच विनंती आहे.